न्गलांगेरानचा होमस्टे: जोगजाजवळच्या गावात आईला घेऊन दोन रात्री

जोगजाला (इंडोनेशियातल्या योग्यकार्ताला तिथले लोक जोगजाच म्हणतात) जाणाऱ्या आपल्या लोकांचा कार्यक्रम ठरलेला असतो, बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप, प्रांबाननची हिंदू देवळं, मालिओबोरो रस्त्यावर बाटिकची खरेदी आणि परत. आम्हीही दोनदा तेच केलं. मागच्या ऑगस्टमध्ये आई पुण्याहून आमच्याकडे जकार्ताला आली होती, तिला घेऊन तिसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र ठरवलं की ह्यावेळी हॉटेल नको, गावात राहायचं, आणि शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर गुनुंगकिदुल जिल्ह्यात न्गलांगेरान नावाचं गाव आहे, तिथं एका घरी दोन रात्री राहिलो. नाव उच्चारायला अवघड वाटतं पण सुरुवातीचा 'न्ग' म्हणजे आपल्या वाङ्मयातला ङ आहे, तो जमला की पुढचं सोपं.

आधीच सांगते, मी पाचपैकी साडेचार देईन. हा रिव्ह्यू मुख्यतः त्यांच्यासाठी जे आईवडिलांना घेऊन जाणारेत आणि शाकाहारी आहेत, कारण ह्या दोन्ही गोष्टींबद्दल मला जाण्याआधी कुठेच नीट माहिती मिळाली नाही आणि जी मिळाली त्यातली बरीच चुकीची निघाली.

जकार्ताच्या गांबीर स्टेशनवरून सकाळची ट्रेन घेतली, सहा-साडेसहा तासांत जोगजाच्या तुगू स्टेशनला पोचलो. एक रात्र शहरात काढली, दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून प्रांबानन केलं आणि तिथूनच गाडीने पियुंगानमार्गे वर गावात. पियुंगान हे नाव जोगजात राहणाऱ्या कोणालाही विचारा, ते कचऱ्याबद्दलच बोलतील. शहराचा आणि शेजारच्या स्लेमान, बांतुल जिल्ह्यांचा सगळा कचरा वर्षानुवर्षं इथं येऊन पडायचा, 2023 च्या जुलैमध्ये डेपो भरून बंद करायची वेळ आली तेव्हा शहरात रस्त्यारस्त्यावर पिशव्यांचे ढीग लागले होते. मूळ जोगजा शहर जेमतेम साडेबत्तीस चौरस किलोमीटरचं, पण युनिव्हर्सिट्या, हॉस्टेलं, हॉटेलं, मॉल असं करत ते कधीच हद्दीबाहेर सांडलंय, आजूबाजूच्या भातखाचरांत एकसारख्या घरांच्या कॉलन्या दिसतात, पाटी लावलेली, कमान असलेली. हे सगळं मुद्दाम लिहितेय कारण ते बघत बघतच तुम्ही गावाकडे जाता, आणि गाव असं का आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

पियुंगानच्या पुढे पातुकचा घाट लागतो. घाटात एका वळणावर बुकित बिंतांग म्हणजे ताऱ्यांची टेकडी म्हणून जागा आहे, रात्री तिथून खाली अख्खं जोगजा दिव्यांनी चमकताना दिसतं, पोरंपोरी बाइक लावून भाजलेली कणसं खात बसतात. आम्ही दुपारी थांबलो होतो त्यामुळे दिवे नव्हते, नुसती छपरं. आई बराच वेळ कठड्याशी उभी होती. तिचं माहेर वाघोली. मामाचं शेत होतं तिथं आता चौदा मजली बिल्डिंग उभी आहे आणि 2021 ला वाघोली पुणे महापालिकेत गेली तेव्हा ती दोन दिवस नीट बोलली नव्हती कोणाशी. तिने एवढंच विचारलं, "आपण जातोय ते गाव अजून किती लांब?" ड्रायव्हर म्हणाला, वीस मिनिटं.

गाव म्हणजे पाच वाड्या आणि त्यांच्या डोक्यावर एक प्रचंड काळा खडक. त्याला ते गुनुंग आपी पुर्बा म्हणतात, प्राचीन ज्वालामुखी (पुर्बा म्हणजे आपलं 'पूर्व'च). कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आता थंड, लाव्ह्याचे आणि दगडगोट्यांचे थर एकमेकांत घट्ट बसून झालेले उभे सुळके. शेजारचा मेरापी अजून धुमसतोय आणि हा झोपलाय, हवा स्वच्छ असेल तर एकाच जागेवरून दोघंही दिसतात. हा डोंगर गुनुंग सेवू जिओपार्कचा भाग आहे, त्या जिओपार्कला 2015 साली युनेस्कोची मान्यता मिळाली.

बुकिंगची पद्धत मला फार आवडली. घर तुम्ही निवडत नाही. गावाच्या पर्यटन समितीकडे (पोकदारविस म्हणतात) नाव नोंदवायचं, ते पाळीपाळीने घरं देतात, म्हणजे ज्याचं इंग्रजी चांगलं किंवा ज्याच्या घराचा फोटो भारी त्यालाच सगळी गिऱ्हाइकं असं होत नाही. त्यामुळे मी घराचं नाव देत नाहीये, तुम्हाला वेगळंच मिळेल. आम्हाला मिळालेलं घर साधं, उतरत्या कौलांचं, पुढं फरशीची ओसरी, मागं गोठा. खोली छोटी, स्वच्छ, चादरी धुतलेल्या, मच्छरदाणी मागितल्यावर पाच मिनिटांत लावून दिली. एसी नाही आणि ऑगस्टमध्ये लागतही नाही, उलट रात्री चांगलीच थंडी पडते, कोरड्या ऋतूतल्या ह्या थंडीला जावानीजमध्ये बेदिदिंग असा खास शब्दच आहे. स्वेटर न्या. आईसाठी दुसरी गोधडी मागून घेतली.

बाथरूममध्ये शॉवर नाही, पाण्याचा हौद आणि प्लास्टिकचा मग. आमच्याबरोबर त्याच दिवशी आलेल्या एका युरोपियन जोडप्याची ह्यावरून फार धावपळ झाली, आईने मात्र हौद बघितला आणि म्हणाली, "हे बरंय, बादली भरायची वाट बघायला नको." संडास भारतीय पद्धतीचा, गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच कमोड असलेलं घर मागा, काही घरांत आहे. गरम पाणी चुलीवर तापवून देतात, सकाळी सहालाच बादली दाराशी आलेली असायची.

घरच्या बाईंना आम्ही बू म्हणायचो (इबूचं छोटं रूप, आपण ताई-काकू म्हणतो तसं), त्या मला म्बाक म्हणजे ताई आणि आईला इबू. दोघींना एकमेकींची भाषा अजिबात येत नव्हती. मी मध्ये दुभाषी म्हणून होते पण पहिल्या तासाभरातच माझी गरज संपली कारण दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

आता जेवण. हाच ह्या रिव्ह्यूचा खरा भाग आहे.

आम्ही पोचलो त्या दिवशी आईची संकष्टी होती. मी जाण्याआधीपासून काळजीत होते, बरोबर साबुदाण्याचं पाकीट घेतलं होतं, खिचडी करू देतील का वगैरे. बूंना मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये समजावलं की आज आई धान्य खात नाही, भात नाही, गहू नाही, कंद चालतात, नारळ चालतो, गूळ चालतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाल्या, मग तिवुल.

तिवुल म्हणजे गुनुंगकिदुलचं जुनं गरिबीचं अन्न. तिथल्या भाषेतली सिंगकोंग म्हणजे कसावा, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. कंद सोलून उन्हात खडखडीत वाळवतात, त्याला गापलेक म्हणतात, वर्षभर टिकतं. त्याचं पीठ करायचं. भात परवडत नव्हता किंवा पिकलाच नाही तेव्हा पिढ्यान्पिढ्या लोक ह्यावर जगले, बू सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी पांढरा भात म्हणजे सणाला, रोज हेच, आणि शाळेत डब्यात तिवुल आहे हे दिसू नये म्हणून त्या झाकण अर्धवटच उघडायच्या. आता जोगजातून लोक गाड्या काढून मुद्दाम तिवुल खायला वर येतात.

करतात कसं ते सांगते कारण मी समोर बसून बघितलंय. आपल्या सुपासारखी पण पूर्ण गोल बांबूची परडी असते, तांपाह. त्यात करडं-तपकिरी पीठ पसरून बू हाताने पाण्याचा हबका मारत होत्या आणि परडी अशी गोल गोल हलवत होत्या की पीठाचे आपोआप दाणे बनत होते, आधी रव्याएवढे, मग मोहरीएवढे. पाणी जरा जास्त झालं तर गोळा होतो, कमी झालं तर पीठच राहतं. आईने दोन मिनिटं बघितलं आणि परडी हातात मागितली. पहिल्यांदा गोळे झाले. बूंनी तिच्या मनगटाला धरून फिरवण्याचा वेग दाखवला, शब्द एकही नाही, आणि दुसऱ्या वेळेला दाणे पडायला लागले. मग ते बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरून उभ्या भांड्यावर वाफवायचं, वीस-पंचवीस मिनिटं. वर ताजा किसलेला नारळ, चिमूटभर मीठ आणि जावानीज गूळ, जो ताडीमाडीच्या जातीच्या झाडांच्या रसाचा असतो, काळपट, जरा धुरकट वासाचा. आईने खायच्या आधी दोनदा विचारून घेतलं, "ह्यात तांदळाचं पीठ नाही ना गं?" नव्हतं. चव साबुदाण्यापेक्षा जास्त खमंग, थोडी भाजल्यासारखी, दाणा आत चिवट आणि बाहेर मोकळा. तिने दोन वाट्या खाल्ल्या. परदेशात उपासाच्या दिवशी तिला इतकं निवांत खाताना मी ह्याआधी बघितलं नव्हतं.

पण उपास सोडायचा तर चंद्र दिसायला हवा, आणि गाव डोंगराच्या पश्चिमेला, म्हणजे चंद्र आधी त्या काळ्या खडकामागे उगवणार आणि वर यायला उशीर करणार. गावात आठ-साडेआठला सामसूम होते, लोक पहाटेच्या अजानला उठतात. बूंना कळलं की आई चंद्रासाठी थांबलीय, तेव्हा त्या आणि त्यांचे यजमान दोघंही ओसरीवर येऊन बसले, दाट गोड चहा घेऊन (गरम, गोड आणि घट्ट ह्या तीन शब्दांची अक्षरं जोडून त्या चहाला नासगितेल म्हणतात). मी सांगायचा प्रयत्न केला की हे गणपतीसाठी असतं. त्यांचे यजमान लगेच म्हणाले, गणेशा, हो हो, प्रांबाननला आहे ना, मोठ्या देवळाच्या मागच्या बाजूला. बरोबर होतं, शिवाच्या देवळात पश्चिमेच्या गाभाऱ्यात गणपती आहे आणि आई त्याच सकाळी त्याच्यासमोर हात जोडून आली होती. नऊ वाजून गेल्यावर खडकाच्या कडेला उजेड पसरला, मग एकदम चंद्र. आईने नमस्कार केला, अथर्वशीर्ष मनातल्या मनात म्हटलं, बूंनी गरम करून ठेवलेला लाल भात आणि भाजी वाढली. मुसलमान घर, माझी आई, आणि चारही माणसं चंद्राची वाट बघत बसलेली, हे कुठल्या पॅकेजमध्ये नव्हतं आणि त्याचे पैसे कोणी लावले नाहीत.

भाजी होती लोंबोक इजो, हिरव्या मिरचीची नारळाच्या दुधातली, आत टेंपेचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे) तुकडे. गुनुंगकिदुलची खासियत आहे आणि लाल भाताबरोबरच खायची. तिखट आहे, पण नारळामुळे पोटाला लागत नाही.

शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा. "मी मांस खात नाही" एवढं सांगितलं तर कोंबडी, अंडं, मासे आणि मुख्य म्हणजे तेरासी (कोळंबीची आंबवलेली पेस्ट, संबालमध्ये म्हणजे त्यांच्या ठेच्यात असते) हे सगळं येऊ शकतं, कारण त्यांच्या दृष्टीने ते मांस नाही. म्हणायचं असं: तांपा दागिंग, तांपा आयाम, तांपा इकान, तांपा तेलूर, तांपा तेरासी (तांपा म्हणजे शिवाय, पुढचे शब्द क्रमाने मांस, कोंबडी, मासे, अंडं, तेरासी). आणि सुपात काल्दू म्हणजे कोंबडीचं पाणी नाही ना तेही विचारा. आमच्या घरी बूंनी संबाल आमच्यासमोर वेगळ्या पाट्यावर वाटला. शेजारी एका टपरीवर तळलेले नाकतोडे विकायला असतात, तीही इथली प्रसिद्ध वस्तू, त्यामुळे बरणीत कुरकुरीत काही दिसलं म्हणून लगेच तोंडात टाकू नका.

दुसऱ्या दिवशी डोंगर. आई वर चढली नाही आणि साठीच्या पुढच्या कोणी चढू नये असं माझं मत आहे, दोन उभ्या कातळांमधल्या एका माणसापुरत्या फटीतून शिड्या आणि दोर धरून जावं लागतं. मला वर जायला सव्वा तास लागला. बरोबर गावातलाच वाटाड्या होता, पंचविशीतला मुलगा, जोगजात शिकून परत आलेला. त्याच्याकडून आणि समितीच्या ऑफिसात जे कळलं ते मला ह्या सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा विस्ताराने.

हा डोंगर एके काळी बोडका होता. 1999 मध्ये गावातल्या तरुण मंडळाने (तिकडे कारांग तारुना म्हणतात) तो सांभाळायला घेतला, झाडं लावायला सुरुवात केली. 2006 च्या मे महिन्यात जोगजाला तो मोठा भूकंप झाला, साडेपाच हजारांच्या वर माणसं गेली, त्यातून हा सगळा भाग उभा राहत होता. मग हळूहळू पर्यटक यायला लागले, आणि 2013 ला वरच्या टेकडीवर एम्बुंग म्हणजे साठवण तलाव झाला, खरं तर फळबागांना पाणी द्यायला, पण त्याचे सूर्यास्ताचे फोटो सगळीकडे फिरले आणि लोंढा लागला. 2014 मध्ये वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं आली, अडीच हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात. कचरा, गर्दी, बाइकच्या रांगा. आणि इथं गावाने जे केलं ते आपल्याकडे मी कुठेच बघितलं नाही, त्यांनी तिकीट वाढवलं आणि स्वतःहून गर्दी कमी करायचं ठरवलं. तास-दोन तास येऊन फोटो काढून जाणारे कमी झाले तरी चालतील, राहणारे आले पाहिजेत, जेवणारे आले पाहिजेत. दोन वर्षांत पर्यटक जवळपास निम्मे झाले आणि गावाचं उत्पन्न मात्र वाढलं. 2017 ला आसियानचा पुरस्कार मिळाला, आणि 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातली सर्वोत्तम पर्यटन गावं म्हणून पहिली यादी काढली त्यात न्गलांगेरान होतं. त्याच यादीत आपल्याकडचं तेलंगणातलं पोचमपल्लीही आहे, साड्यांमुळे सगळ्यांना माहीत असलेलं.

वाटाड्याला मी विचारलं, तुझ्या वर्गातले बाकीचे कुठे आहेत. म्हणाला, बरेच जण जकार्तात, गुनुंगकिदुलची माणसं म्हणजे गाव सोडून जाणारी माणसं असंच समीकरण होतं, ईदला तेवढी घरं भरायची. तो स्वतः राहिला कारण वाटाड्याचं काम, चॉकलेटच्या कारखान्यात पाळी आणि घरच्या शेळ्या असं तिन्ही मिळून त्याचं भागतं. एकावर भागलं नसतं, हे त्याने अगदी स्पष्ट सांगितलं.

चॉकलेट इथलंच. घराघरांच्या परसात कोकोची झाडं आहेत, शेंग थेट खोडाला लागते, पिवळी-लालसर, लांबट पपईसारखी. बूंनी एक फोडून दाखवली, आत पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या बिया, तो गर चोखायचा, सीताफळ आणि लिचीच्या मधली चव. बी चावली तर कडूजहर. पूर्वी लोक ओल्या बियाच व्यापाऱ्याला पडेल भावात विकायचे, आता लाकडी खोक्यांत आंबवून, वाळवून गावातच चॉकलेट आणि पावडर करतात. आंबवलेल्या बियांचा वास आधी चक्क शिरक्यासारखा येतो, भाजल्यावर चॉकलेटचा. विकत घ्यायचं असेल तर पावडर घ्या, केळ्याच्या वेफर्सवर चॉकलेट लावलेलं मिळतं ते घ्या. वड्या मला फार गोड वाटल्या.

गोठ्यात आईला अजून एक ओळखीची गोष्ट सापडली. लोंबते लांब कान, वाकडं नाक, उंच शेळ्या. बू म्हणाल्या ह्या 'एतावा'. आपल्या उत्तर प्रदेशातल्या इटावाच्या जमनापारी शेळ्या डच काळात जावात आणल्या गेल्या, स्थानिक छोट्या जातीशी संकर झाला, आणि नाव एतावा तेच राहिलं. दूध कोकोत मिसळून विकतात. आईने बूंना खुणेने सांगितलं की ह्या माझ्या देशाच्या. बूंनी त्यातल्या एकीची दोरी तिच्या हातात दिली आणि संध्याकाळभर चारा आईनेच घातला.

त्याच संध्याकाळी शेजारी बायकांचं आरिसान होतं, म्हणजे हुबेहूब भिशी. चिठ्ठ्या, डबा, चहा, खाणं, हिशोबाची वही. आईला बोलावलं, ती गेली, परत आली तेव्हा तिला अख्ख्या आळीची माहिती होती, कोणाची मुलगी कुठे दिलीय इथपर्यंत, कशी कळली ते मला अजून समजलेलं नाही.

अर्धा गुण कुठे कापला ते. एक, शनिवारी संध्याकाळी तलावावर अजूनही फार गर्दी होते, सूर्यास्त बघायला उभं राहायला जागा नव्हती आणि पायऱ्या बऱ्याच आहेत, आई अर्ध्यातून परतली. ऑगस्टमध्ये पाणीही खाली गेलेलं होतं. सोमवार ते गुरुवार जा. दोन, गामेलानचा वर्ग (त्यांचा मुख्यतः काशाच्या वाद्यांचा वृंद) पाऊण तासात उरकला, शिकवणारे आजोबा इतके छान होते, त्यांना अजून वेळ द्यायला हवा होता. तीन, वाटेवरच्या पाट्या बहुतेक इंडोनेशियनमध्येच आहेत, भाषा येत नसेल तर वाटाड्या घ्याच.

आणि एक तक्रार गावाबद्दल नाही, पण सांगायलाच हवी. मी आधी जकार्तातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडून बुकिंग केलं होतं. त्याने खोलीत एसी आहे सांगितलं, भातलावणीचा अनुभव देतो म्हणून वेगळे पैसे घेतले आणि ड्युरियनच्या (फणसासारखं काटेरी फळ) बागेत तोडणी असंही लिहून दिलं. ऑगस्टमध्ये तिथं लावणी नसते, शेतं कोरडी असतात, आणि ड्युरियनचा हंगाम पावसाळ्यात, वर्षाच्या शेवटाकडे. समितीच्या ऑफिसात कागद दाखवला तर तिथल्या बाईंचा चेहराच पडला, त्यांच्याकडे असलं काही कळवलंच नव्हतं आणि एजंटने आमच्याकडून घेतलेल्या पैशातला निम्म्याहून कमी भाग गावापर्यंत पोचला होता. दोष त्यांचा नसताना त्यांनी बदल्यात शेळ्यांचं दूध काढणं आणि तिवुलचं सामान असं काहीबाही देऊ केलं. मला फार वाईट वाटलं. एजंटच्या पाठीमागे लागून तीन आठवड्यांनी लावणीचे पैसे परत मिळवले. थेट समितीकडे बुकिंग करा, व्हॉट्सॲपवर उत्तर देतात, इंडोनेशियनमध्ये लिहिलंत तर लवकर. थेट विचारल्यावर कळलं की दोघींचं दोन रात्रींचं, सगळ्या जेवणांसकट, आपल्या हिशोबाने सहा हजार रुपयांच्या आत झालं असतं.

बाकी उपयोगाचं: रोख पैसे न्या, गावातल्या टपऱ्यांवर परदेशी कार्ड चालत नाही. ॲपवरून टॅक्सी वर जायला मिळते, खाली यायला मिळेलच असं नाही, त्यामुळे ड्रायव्हर दोन्हीकडचा ठरवा. वेळ असेल तर काम्पुंग पितूला जा, डोंगराच्या पूर्व अंगाला वरती सातच कुटुंबांची वस्ती, पितू म्हणजे सात, परंपरेने सातापेक्षा जास्त चुली तिथं होऊ देत नाहीत, घरातल्या मुलाने लग्न केलं की वेगळ्या बिऱ्हाडासाठी खाली उतरायचं. रस्ता फार चढाचा आहे, जीप घ्या, आणि तिथं घरांचे फोटो काढायच्या आधी विचारा.

निघताना बूंनी आईला गापलेकच्या पिठाची एक किलोची पिशवी दिली, पैसे घेईनात, शेवटी आईने पर्समधली खणाची पिशवी काढून त्यांच्या हातात ठेवली तेव्हा कुठे मामला मिटला. त्याच रात्री जोगजाच्या हॉटेलात पोचल्यावर बूंनी मला मेसेज केला की पीठ फ्रिजमध्ये ठेवू नका, डब्यात कोरडं ठेवा, आणि हबका मारताना पाणी कोमट नको, गारच हवं. पुढच्या संकष्टीला आई अजून आमच्याकडेच होती. तांपाह नव्हती म्हणून मोठ्या परातीत प्रयत्न केला आणि मोदकपात्रात मलमल घालून वाफवलं. दाणे थोडे मोठे पडले पण चव तीच. फोटो बूंना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, परात जरा हळू फिरवा.